मोरस साखर, लंडनच्या बुडीत पेढ्या आणि गुलामांचे मळे : एक आर्थिक-ऐतिहासिक मागोवा

विषयप्रवेश

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाला ब्रिटिश अमदानीत फिट्झेराल्ड घाट म्हणत. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झेराल्ड यांच्यावरून ते नाव पडले होते. पुढे ते मागे पडले आणि घाटाला पुन्हा स्थानिक नावाने ओळखले जाऊ लागले. असेच मागे पडलेले दुसरे नाव म्हणजे 'मोरस'. स्वदेशी चळवळीच्या काळातील मराठी लेखनात आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात 'मोरस साखर' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातील या बेटावरील पांढरी साखर मुंबई बंदरात उतरे आणि तेथून इलाख्यातील बाजारपेठांत जाई. परदेशी साखरेवर बहिष्कार घालणाऱ्यांना ही साखर परकी वाटत होती. परंतु ती पिकविणाऱ्या हातांत काही हात कोकणातले होते, याची जाणीव त्या चर्चेत फारशी दिसत नाही.

मॉरिशसमधील साखरेचे मळे मुळात गुलामांच्या श्रमावर उभे राहिले आणि त्यांना भांडवल पुरविले ते प्रामुख्याने लंडनच्या व्यापारी पेढ्यांनी. यांपैकी काही पेढ्यांचे हितसंबंध कॅरिबियन समुद्रातील गुलामांच्या मळ्यांतही गुंतलेले होते. १८४७ च्या व्यापारी अरिष्टात यांतील प्रमुख पेढ्या एकामागून एक बुडाल्या. गुलामगिरीच्या अभ्यासात मळेवाला आणि गुलाम या दोघांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या सावकारावर दिला जात नाही. मराठी वाचकाला 'गुलामगिरी' म्हटले की महात्मा फुले यांचा १८७३ चा ग्रंथ आणि त्याच्या अर्पणपत्रिकेतील अमेरिकेचा उल्लेख आठवतो. मॉरिशसचे बेट मुंबईशी व्यापाराने आणि माणसांनी जोडलेले असूनही त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे. मळ्याचा खरा मालक कोण होता आणि तो बुडाला तेव्हा तोटा कोणी सोसला, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या संबंधांचा विचार केला आहे.

मळा, उचल आणि आडत

ऊस लावल्यापासून साखर विकली जाईपर्यंत दीड-दोन वर्षे जात. ऊस शेतात वाढे, चरकात गाळला जाई, रस कढविला जाई, साखर पोत्यांत अथवा पिंपांत भरली जाई, आणि मग शिडाच्या जहाजाने अडीच-तीन महिन्यांच्या प्रवासानंतर ती लंडनला पोचे. या सर्व काळात मळेवाल्याला गुलामांचे अन्न, बैल, खेचरे, यंत्रे, तांब्याच्या कढया यांसाठी पैसा लागे. हा पैसा लंडनची पेढी पुरवी. मळेवाला पेढीच्या नावे हुंडी काढी, बेटावरील व्यापारी ती वटवी आणि पेढी ती लंडनमध्ये स्वीकारी. त्या बदल्यात पुढच्या हंगामाची साखर त्याच पेढीकडे, बहुधा त्याच पेढीच्या जहाजातून, तिनेच उतरविलेल्या विम्याखाली पाठविणे मळेवाल्यावर बंधनकारक असे. पेढी विक्रीवर साधारणपणे शेकडा अडीच आडत घेई. उचलीवर व्याज वेगळे, नौकाभाडे वेगळे, गोदामभाडे वेगळे.

ही पद्धत कोकणातील वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पिकाआधी उचल, पिकावर सावकाराचा पहिला हक्क, भाव ठरविणारा तोच आणि माप घेणाराही तोच, हा अनुभव खोती मुलखातील कुळांनी पिढ्यान्पिढ्या घेतला आहे. मात्र एक मूलभूत भेद आहे. येथील कूळ कर्जात बुडाले तरी गहाणखतात त्याचे स्वतःचे शरीर नसे. मळ्याच्या गहाणखतात जमीन, चरक, जनावरे यांच्या बरोबरीने गुलामांची नावे, वये आणि किमती असत. किंबहुना तारणाचा मोठा भाग तोच असे, कारण गुलामांवाचून जमिनीला किंमत नव्हती. साखरेचे भाव पडले की व्याज थकत असे, थकलेले व्याज मुद्दलात मिळत असे आणि काही वर्षांत गहाणाची रक्कम मळ्याच्या किमतीच्या बरोबरीने येई. मग एक तर मळा पेढीच्या नावे होई, किंवा मळेवाला नावापुरता मालक राहून पेढीसाठी ऊस पिकवीत असे. ज्या लंडनच्या व्यापाऱ्याने आयुष्यात ऊस उभा पाहिला नव्हता, तो अशा रीतीने शेकडो माणसांचा धनी बनत असे. व्यापारी गुलामांच्या मळ्याचा मालक होई तो पुष्कळदा मळा विकत घेऊन नव्हे, तर कर्ज वसूल न झाल्यामुळे.

मॉरिशस १८१० मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले. त्या मोहिमेत हिंदुस्थानातील इलाख्यांमधून नेलेले शिपाईही होते. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणण्यात आली आणि बेटाचे रूप पालटले. कापूस, लवंग, नीळ मागे पडून जिकडे तिकडे ऊस झाला. लंडनच्या ज्या पेढ्या कॅरिबियन बेटांतील थकत चाललेल्या जमिनींवर पैसा लावून बसल्या होत्या, त्यांना हे नवे क्षेत्र आकर्षक वाटले.

रीड, आयर्व्हिंग आणि कंपनी ही या पेढ्यांमधील अग्रगण्य. तिचे प्रमुख सर जॉन रे रीड हे डोव्हर मतदारसंघाचे पार्लमेंट सदस्य होते आणि १८३९ ते १८४१ या काळात बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. त्यांचे वडील सर थॉमस रीड हे १८१६ आणि १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. या दोन वर्षांच्या दरम्यान, मे १८१८ मध्ये, कंपनीच्या तोफांनी महाड तालुक्यातील रायगड किल्ला घेतला. म्हणजे कोकणच्या राजकीय सत्तांतराच्या काळात कंपनीच्या कारभारात वरच्या स्थानी असलेल्या घराण्याचीच पेढी पुढे एका हाताने कॅरिबियन बेटांतील आणि दुसऱ्या हाताने मॉरिशसमधील मळ्यांना पैसा पुरवीत होती. हा योगायोग फार ताणू नये. तथापि हिंदुस्थानचा इतिहास आणि गुलामांच्या मळ्यांचा इतिहास ही दोन वेगळी दालने नसून लंडन शहरात ती एकाच कचेरीत, एकाच चोपडीत नांदत होती, हे त्यातून स्पष्ट होते.

भरपाई कोणाच्या पदरी पडली

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान, सिलोन आणि सेंट हेलेना यांना हा कायदा लागू नव्हता. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ मध्ये आला. १८३३ च्या कायद्यात सुमारे आठ लाख माणसांच्या मुक्ततेसाठी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली आणि ती गुलामांना नव्हे, तर मालकांना देण्यात आली. त्यासाठी सरकारने नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस मॉन्टेफिओरे यांच्या समूहाकडून दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारले. या कर्जाची शेवटची बाकी ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडली, ही गोष्ट अलीकडेच सर्वांच्या लक्षात आली.

भरपाईचा दर ठरविताना १८२२ ते १८३० या वर्षांतील गुलामांच्या विक्रीचे भाव आधार मानले गेले. मॉरिशसच्या वाट्याला साठ हजारांहून अधिक गुलामांसाठी सुमारे २१ लाख पौंड आले. येथे 'मालक' या शब्दाचा अर्थ महत्त्वाचा ठरतो. दावा दाखल झाला की गहाणदार आपला प्रतिदावा दाखल करी. ज्याचे गहाण आधीचे, त्याचा हक्क आधी. त्यामुळे बेटावर राहणाऱ्या मळेवाल्याच्या नावे मंजूर झालेली रक्कम पुष्कळदा त्याच्या हाती न येता लंडनमधील धनकोच्या खात्यावर जमा झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ पासून चाललेल्या ब्रिटिश गुलाम-मालकीविषयक संशोधन प्रकल्पाने भरपाईचे सुमारे ४६,००० दावे अभ्यासले असून, एकूण रकमेचा जवळपास निम्मा भाग ब्रिटनमध्येच राहिला असे दाखवून दिले आहे.

भरपाई मिळालेल्या व्यापाऱ्यांनी पुढे काय केले यावर त्यांचे भवितव्य अवलंबून राहिले. लिव्हरपूलचे जॉन ग्लॅडस्टन यांचे उदाहरण बोलके आहे. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे हे वडील. त्यांना २,५०८ गुलामांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट या पेढीला पत्र लिहून डेमेरारातील आपल्या मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजूर मागविले. मे १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' या जहाजांतून सुमारे चारशे मजूर डेमेरारात उतरले. तेथील हाल उघडकीस येऊन ओरड झाली, तेव्हा ग्लॅडस्टन यांनी १८४० च्या सुमारास व्रीड-एन-हूप हा मळा विकून टाकला. ते वेळीच बाहेर पडले आणि श्रीमंतीतच निवर्तले. रीड यांची पेढी मात्र मळ्यांत राहिली. एवढेच नव्हे, तर गुलाम मुक्त झाल्यावर मजुरांवर खर्च वाढत असताना तिने जुन्या कर्जाच्या वसुलीसाठी आणखी कर्ज दिले. बुडत्या कुळाला सोडले तर मुद्दल जाते आणि धरून ठेवले तर आणखी पैसा जातो, या पेचातून फारच थोडे सावकार सुटतात.

१८४७ चे अरिष्ट

१८४६ मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांच्या सरकारने साखरेवरील जकातीचा नवा कायदा केला. वसाहतींच्या साखरेला मिळणारी सवलत क्रमाक्रमाने नाहीशी करून सर्व साखरेला एकच जकात लावावी, असे त्याचे धोरण होते. याचा एक परिणाम असा, की गुलामगिरी मोडल्याचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्लंडच्या बाजारात क्यूबा आणि ब्राझीलमधील गुलामांनी पिकविलेली साखर स्वस्त दराने उतरू लागली. दोन वर्षांत साखरेचा भाव सुमारे एक तृतीयांशाने घसरला. ज्या साखरेच्या तारणावर पेढ्यांनी उचल दिली होती, तिची किंमत अशा रीतीने जहाज समुद्रात असतानाच कमी होत होती.

त्यातच धान्याच्या बाजाराची भर पडली. आयर्लंडमधील दुष्काळ आणि १८४६ चे वाईट पीक यांमुळे गव्हाचा भाव मे १८४७ मध्ये क्वार्टरला १०० शिलिंगांच्या वर गेला होता. चढ्या भावाने मागविलेले धान्य येऊन पोचेपर्यंत नवे पीक चांगले आले आणि सप्टेंबरपर्यंत भाव निम्म्यावर आला. ऑगस्टमध्ये धान्याचे व्यापारी बुडू लागले. त्यांत बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर रॉबिन्सन यांची पेढीही होती. रेल्वेच्या भागांत अडकलेला पैसा मोकळा होत नव्हता. हुंड्या वटवून देणाऱ्यांनी हात आखडते घेतले, आणि ज्यांचा सर्व व्यवहार हुंड्यांवर चालत असे त्या पूर्वेकडील व वसाहतींच्या व्यापारी पेढ्यांची पाळी आली. सप्टेंबर १८४७ मध्ये गोवर, नेव्ह्यूज आणि कंपनी, पाठोपाठ रीड, आयर्व्हिंग आणि कंपनी, तसेच कॉकरेल आणि कंपनी यांनी देणी देणे थांबविले. मॉरिशसशी व्यवहार करणारी बार्कले ब्रदर्स ही पेढीही या अरिष्टातून वाचली नाही. २५ ऑक्टोबर रोजी सरकारला बँकेच्या १८४४ च्या कायद्यातील बंधन तात्पुरते बाजूला ठेवावे लागले, तेव्हा कोठे बाजार सावरू लागला.

या लाटेचे तडाखे दूरवर बसले. कलकत्त्याची युनियन बँक आणि द्वारकानाथ टागोर यांनी स्थापन केलेली कार, टागोर आणि कंपनी १८४८ च्या आरंभी कोसळली. मॉरिशसमधील पहिली बँक ऑफ मॉरिशस याच संकटाच्या काळात बंद पडली. बेटावरील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने १८३८ मध्ये निघालेली मॉरिशस कमर्शियल बँक मात्र टिकली आणि आजही चालू आहे. कॅरिबियनमधील व्हर्जिन बेटांत रीड, आयर्व्हिंग यांच्या ताब्यात दहा साखरमळे होते आणि त्यांवर अकराशेहून अधिक माणसे कामाला होती. पेढी बुडताच तेथील लागवड मोडकळीस आली. टॉर्टोलासारख्या लहान बेटावर एका पेढीचे दिवाळे म्हणजे बेटाच्या अर्थव्यवस्थेचेच दिवाळे ठरले.

दिवाळे हा शब्द येथे थोडा जपून वापरला पाहिजे. यांपैकी अनेक पेढ्यांना न्यायालयीन दिवाळखोरीला सामोरे जावेच लागले नाही. धनकोंनी आपल्यातूनच देखरेख करणारे नेमले आणि पेढीच्या भागीदारांनाच त्यांच्या नजरेखाली हिशेब मिटविण्यास सांगितले. मालमत्ता एकदम विकली तर काहीच हाती लागणार नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. सर जॉन रे रीड यांचा बॅरोनेट हा किताब कायम राहिला. ते १८६७ मध्ये वारले.

तोट्याचा भार खाली कसा उतरला

लंडनहून मॉरिशसला बातमी पोचण्यास त्या काळी दोन ते तीन महिने लागत. म्हणजे पेढी बुडाल्यानंतरही कित्येक आठवडे बेटावर तिच्या नावाने हुंड्या निघतच होत्या. त्या न वटता परत आल्या, तेव्हा हंगाम संपत आला होता आणि पुढच्या पिकासाठी कोणाकडेच रोकड नव्हती. गव्हर्नर सर विल्यम गॉम यांच्या प्रशासनाने सरकारी तिजोरीतून, येणाऱ्या पिकाच्या तारणावर, मळ्यांना उचल दिली आणि लागवड थांबू दिली नाही. या तिजोरीचा मोठा आधार आयात जकात हा होता. बाहेरून येणाऱ्या तांदळावरही जकात होती, आणि तो तांदूळ खाणारे बहुसंख्य लोक म्हणजे हिंदुस्थानी मजूर आणि मुक्त झालेले गुलाम. मजूर आणण्याचा खर्चही याच महसुलातून भागविला जात असे. मळे वाचविण्याची किंमत अशा प्रकारे ताटातल्या भातातून वसूल होत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मजुराच्या वेतनाचे काय झाले? मॉरिशसला जाणाऱ्या पहिल्या मजुरांचा करार पाच वर्षांचा, वेतन महिना पाच रुपये आणि शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा, असे सर्वसाधारण स्वरूप होते. निघण्यापूर्वी काही महिन्यांचे वेतन उचल म्हणून दिले जाई. त्यामुळे मजूर बेटावर उतरताना कर्जदार म्हणूनच उतरे. कामावर न आल्यास एका दिवसामागे दोन दिवसांचे वेतन कापण्याची 'दुहेरी कपात' पुढे कायम होऊन बसली. पैसा आटल्यावर मळेवाल्याने प्रथम थकविले ते वेतन. १८४८ च्या सुमारास अनेक मळ्यांवर ते महिनोन्महिने थकलेले होते.

या ठिकाणी कायद्याच्या दोन मापांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. लाखो पौंडांची देणी थकविणाऱ्या व्यापाऱ्याचा व्यवहार हा दिवाणी स्वरूपाचा मानला गेला. त्याला मुदत मिळाली, देखरेख मिळाली, तडजोड मिळाली. वेतन न मिळाल्यामुळे मळा सोडून जाणारा मजूर मात्र करारभंगाबद्दल फौजदारी गुन्हेगार ठरत असे. त्याला भटक्या म्हणून पकडले जाई आणि तुरुंगात सक्तीच्या कामाला लावले जाई. करार दोघांनीही मोडला होता.

१८४८ मध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटच्या समितीने साखर आणि कॉफीच्या मळ्यांच्या दुरवस्थेची चौकशी केली. समितीपुढे मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी जे मांडले त्याचा रोख स्पष्ट होता : मजूर अधिक हवेत, स्वस्त हवेत आणि अधिक काळ बांधलेले हवेत. पुढील काही वर्षांत मॉरिशसमध्ये नेमके तेच घडले. १८४२ मध्ये स्थलांतर पुन्हा सुरू करताना करार एका वर्षापुरता मर्यादित केला होता. १८४९ मध्ये तो तीन वर्षांचा आणि १८६२ मध्ये पुन्हा पाच वर्षांचा झाला. १८५० च्या दशकाच्या आरंभी मजुराचा परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क काढून घेण्यात आला. त्याच दशकात बेटाचे साखर उत्पादन वर्षाला एक लाख टनांपलीकडे गेले आणि १८५९ या एकाच वर्षात चाळीस हजारांहून अधिक हिंदुस्थानी मजूर बेटावर उतरले. १८४७ मध्ये जे भांडवल बुडाले, त्याची जागा नव्या भांडवलाने घेतली. मळे कमी किमतीला हस्तांतरित झाले, त्यांतील पुष्कळ बेटावरील फ्रेंच वंशाच्या कुटुंबांकडे गेले. धनी बदलले. मजुरांना बांधून ठेवणारी पद्धत तशीच राहिली, नव्हे अधिक घट्ट झाली.

कोकणातून गेलेले

मुंबई बंदरातून मॉरिशसला माणसे नेण्याचा प्रघात करारबद्ध मजुरीच्या आधीचा आहे. १८१५ पासून काही वर्षे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी तेथे पाठविले जात. १८३६ मध्ये पोर्ट लुईस येथे आलेल्या चार्ल्स डार्विन यांनी या कैद्यांची नोंद केली आहे. करारबद्ध मजुरांची सुरुवात १८३४ मध्ये कलकत्त्याहून गेलेल्या 'ॲटलास' जहाजातील ३६ जणांपासून मानली जाते. १८३८-३९ मध्ये या स्थलांतरावर बंदी आली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तिन्ही बंदरे खुली झाली, परंतु १८४३ मधील अनागोंदीनंतर मॉरिशससाठी केवळ कलकत्ता चालू राहिले. मुंबई बंदर १८५० च्या दशकात पुन्हा खुले झाले, म्हणजे वर सांगितलेली कडक झालेली व्यवस्था अस्तित्वात आल्यावर.

मॉरिशसला गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजुरांत मुंबईहून गेलेल्यांचे प्रमाण शेकडा दहापेक्षा कमी होते. त्यांतील बहुसंख्य रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतील, काही साताऱ्याकडील घाटमाथ्यावरचे. कुणबी, मराठा, महार अशा सर्व जातींचे लोक त्यांत होते. तुटपुंजी भातशेती, खोताचे देणे आणि सावकाराची बाकी यांतून सुटण्यासाठी कोकणी माणूस मुंबईची वाट धरत असे. त्या वाटेवर मुकादम भेटे आणि जहाज मिळे. एका सावकाराच्या चोपडीतून निघून तो दुसऱ्या सावकाराच्या चोपडीत जमा झाला, एवढाच त्याच्या प्रवासाचा आर्थिक अर्थ होता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. कारण ही माणसे तेथे केवळ मजूर म्हणून राहिली नाहीत. पश्चिम किनाऱ्यानजीकच्या कास्कावेल येथे आणि अन्यत्र त्यांनी देवळे बांधली, गणेशोत्सव रुजविला. त्यांच्या वंशजांची 'झाकरी' ही नृत्यपद्धती महाड-पोलादपूरच्या गावांत गौरीगणपतीला नाचल्या जाणाऱ्या जाखडीची सख्खी बहीण शोभते. १९६० मध्ये मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनची स्थापना झाली.

मजुरांच्या हलाखीला वाचा फुटली ती १८७१ मध्ये. आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या साह्याने ९,४०१ 'जुन्या' मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाच्या दोन सदस्यांपैकी विल्यम एडवर्ड फ्रियर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत राहिलेले अधिकारी होते. आयोगाचा १८७५ चा अहवाल मजुरांच्या तक्रारी मूलतः खऱ्या ठरवितो. त्यानंतरच्या दशकांत साखरेचे भाव पुन्हा पडले तेव्हा मळेवाल्यांनी कर्ज फेडण्यासाठी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या आणि त्या विकत घेणाऱ्यांत करारातून सुटलेले हिंदुस्थानी मजूर मोठ्या संख्येने होते. मळेवाल्याच्या कर्जबाजारीपणाचा मजुराला लाभ झाला, असा हा बहुधा एकच प्रसंग.

साधनांविषयी

या विषयाची साधने तीन ठिकाणी विखुरलेली आहेत आणि ती सहसा एकत्र वाचली जात नाहीत. भरपाईचे दावे लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात असून वर उल्लेखिलेल्या प्रकल्पाने ते संगणकावर खुले केले आहेत. त्यांचा मुख्य भर कॅरिबियनवर आहे, हे ध्यानात ठेवून ते वापरावेत. पेढ्यांच्या दिवाळखोरीच्या जाहीर सूचना 'लंडन गॅझेट'मध्ये आणि मळ्यांच्या दुरवस्थेवरील साक्षी १८४८ च्या समितीच्या खंडांत आहेत. मजुरांची नोंदपुस्तके मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. त्यांत प्रत्येक मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि ज्या मळ्यावर पाठविले त्याचे नाव अशी नोंद असते. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही मिळतात. या तिन्ही साधनांना जोडणारा दुवा म्हणजे मळ्याचे नाव. माणसे बदलली, धनी बदलले, पेढ्या बुडाल्या, पण मळ्यांची नावे बहुधा टिकली. त्यामुळे एका मळ्यावर आधी किती गुलाम होते, त्यांची भरपाई कोणी घेतली, गहाण कोणाकडे होते आणि पुढे तेथे कोणत्या गावची माणसे आली, हे क्रमाने लावता येते.

अडचण आहे ती गावांच्या नावांची. फ्रेंच वळणाची इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांनी कोकणातील गावे ऐकतील तशी उतरविली. बंदराचे नाव गाव म्हणून, तालुक्याचे नाव जिल्हा म्हणून लिहिल्याचे प्रकार अशा नोंदींत घडतात. महाड परिसर एका काळी रत्नागिरीकडून पाहिला जाई, १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले, त्यामुळे आजच्या नकाशावर ती नावे शोधणारा परदेशी अभ्यासक सहज फसतो. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्या-कोंडांची नावे, त्यांचे बोलीतील उच्चार आणि मोडीतील जुनी महसुली दप्तरे यांची ओळख असलेल्या स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व अर्थशास्त्र विभागांच्या अध्यापकांना हे काम मोका किंवा लंडन येथील संशोधकापेक्षा अधिक चांगले करता येईल. त्यासाठी प्रारंभी रत्नागिरी जिल्हा म्हणून नोंदलेल्या एखाद्या जहाजाची यादी घेऊन त्यातील गावांची नावे खोऱ्यातील गावांशी पडताळून पाहणे पुरेसे आहे.